पालथा पेला

बाथरूममधल्या पाण्याचा आवाज चालू होता, तोवर तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतला पेला उचलला आणि सरळ करून ठेवला. स्टीलचा, काठाशी एका जागी चेपलेला पेला. कठड्यावर टेकताना त्याचा जो बारीकसा आवाज झाला तोही तिला मोठा वाटला. मग तिने फ्रीजच्या दारातून इन्सुलिनची बाटली काढली, दोन्ही तळव्यांमध्ये धरून फिरवली आणि पाणी बंद होण्याची वाट पाहत ओट्याला टेकून उभी राहिली.

बाबा बाहेर आले. खांद्यावर टॉवेल, ओठ कोरडे. पाण्याच्या भांड्याकडे जाऊन ते एक ग्लासभर पाणी प्यायले, ग्लास पुन्हा भरला, तोही संपवला. मग त्यांनी खिडकीकडे पाहिले.

त्यांनी टॉवेलाला हात पुसले, पेला उचलला आणि पालथा ठेवला. ठेवल्यावर बोटाने जरासा सरकवला. कठड्यावरच्या धुळीत पेल्याच्या तोंडाएवढा एक स्वच्छ गोल होता. त्यावर पेला नेमका बसेपर्यंत ते सरकवत राहिले.

"याला हात लावायचा नाही."

"बाबा, कालचा डोस चुकलाय. आजचाही चुकतोय."

"पेला पालथा आहे. म्हणजे दिलेला आहे."

"कुणी दिला?"

त्यांनी टॉवेल दांडीवर टाकला, दोन्ही टोके सारखी केली.

"ज्यानं ठेवलाय त्यानं उचलायचा," ते म्हणाले आणि बाहेरच्या खोलीत जाऊन आपल्या खुर्चीत बसले.

हे वाक्य ती लहानपणापासून ऐकत आली होती. बाबा कागदाच्या गिरणीत वीजदुरुस्तीला होते. तिथे कुणीही मशीनच्या आत शिरण्याआधी मेन स्विचवर आपले स्वतःचे कुलूप अडकवायचा आणि किल्ली खिशात ठेवायचा. ते कुलूप लटकते आहे तोवर मशीन कुणी चालू करायचे नाही; फोरमनने नाही, मालकाने नाही. आणि ज्याचे कुलूप त्यानेच काढायचे. घरीसुद्धा दिवा बदलायचा असला की बाबा फ्यूज काढून शर्टाच्या खिशात घालत आणि तिला सांगत, मी खाली उतरेपर्यंत हात मागे. ती पाठीमागे हात बांधून, मान वर करून उभी राहायची.

पेला मात्र आईने आणलेला होता. मागच्या वर्षी एका सकाळी आई इंजेक्शन देऊन भाजीला गेली आणि बाबांना दिल्याचे आठवेना. आपणच विसरलो असे वाटून त्यांनी स्वतःच्या हाताने दुसरा डोस घेतला. आई परतली तेव्हा ते बाथरूमच्या दारात पडलेले होते, घामाने निथळत. इस्पितळातून आल्यावर आईने हा चेपलेला पेला खिडकीत ठेवला. सकाळी उठल्या उठल्या ती तो सरळ करायची. डोस दिला की पालथा. पेला पालथा दिसला की बाबांनी बाटलीला हात लावायचा नाही, असे ठरले. बाबांना हे फार आवडले होते. "आता कशी गिरणीसारखी शिस्त आली घराला," असे ते येईल त्याला सांगत.

त्या दिवशीही आईने डोस दिला, पेला पालथा ठेवला, आणि चहाचे आधण चढवून खुर्चीत बसली ती पुन्हा उठली नाही.

नंतरचे दिवस बाबांना आत्याकडे ठेवले होते. तिथे शेजारची नर्स यायची, इंजेक्शन देऊन जायची, बाबा पोट पुढे करायचे. काहीच अडले नाही. परवा संध्याकाळी तिने त्यांना घरी आणले, बंद घराच्या खिडक्या उघडल्या, आणि ते सरळ स्वयंपाकघरात जाऊन त्या पेल्यासमोर उभे राहिले. तिथून हे सुरू झाले.

तिने बाहेर येऊन त्यांचे बोट टोचले. टोचायला त्यांची हरकत नसायची. "टोच की, आकडा बघायला काय जातं," म्हणायचे. आकडा सकाळपेक्षा वर गेला होता. तिने यंत्र मिटून खिशात टाकले.

"किती?" त्यांनी विचारले.

"जास्त."

"ती आल्यावर सांगू नकोस. उगाच घाबरेल."

ते हे म्हणाले की आपल्याला तसे ऐकू आले, तेही तिला क्षणभर कळेना. ती गॅलरीत गेली आणि तिने आत्याला फोन लावला.

"पालथ्या घड्यावर पाणी!" सगळे ऐकून आत्या म्हणाली. "लहानपणापासून असाच आहे तो. आमचे आप्पा म्हणायचे, याच्या डोक्यात एकदा खिळा ठोकला की पक्कडीनंही निघत नाही. तू असं कर, तो पेला उचल नि दे भंगारात."

"ते दुसरा ठेवतील, आत्या. पालथा."

"अगं, मग सांग त्याला सरळ! वहिनी गेली हेच विसरलाय तो. माझ्याकडे होता तेव्हाही एकदा विचारत होता, ती जेवली का आज."

"सांगितलं आणि उद्या परत विसरले तर? रोज सकाळी सांगू?"

आत्याने नाक ओढल्याचा आवाज आला.

"डॉक्टर काय म्हणतो?"

"संध्याकाळपर्यंत वाट बघतो म्हणाले. मग गाडी पाठवतील. तिथं दोघंतिघं धरून देतील म्हणाले."

"धरून?"

"धरून."

आत्या म्हणाली, "जेवलीस का तू?" आणि उत्तराची वाट न बघता, "जेव काहीतरी," म्हणून तिने फोन ठेवला.

बाबा खुर्चीत मान टाकून पडले होते. डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडे. या वेळी ते कधी झोपत नसत. तिने आत जाऊन सुई भरली. परत आली, खुर्चीशी गुडघ्यावर बसली. सदरा जरासा वर सरकला होता, पोटाचा पांढरा पट्टा दिसत होता. दोन बोटांत कातडी धरायची, टोचायचे, सोडायचे. जागे होईपर्यंत झालेलेसुद्धा असेल. तिने कापूस पुढे नेला.

"मशीन बंद आहे असं समजून हात घालू नये," बाबा डोळे न उघडता म्हणाले.

तिने हात मागे घेतला. सुईला टोपण लावायला तिला दोनदा प्रयत्न करावा लागला.

"बाबा," ती म्हणाली, "आई नाहीये आता."

त्यांनी डोळे उघडले. तिच्याकडे नाही, वर पंख्याकडे पाहिले.

"तिचा हात माझ्या हातात होता," ते म्हणाले. "तू तर नंतर आलीस."

"मग..."

"मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? एखादा शब्द जातो तोंडून सवयीनं. तेवढ्यावर बहीण मला वेड्यात काढते, तू चोरून सुया घेऊन फिरतेस."

"मग पेला का उचलू देत नाही?"

त्यांनी हात लांब करून पाण्याचा ग्लास उचलला.

"तिनं ठेवलाय तो," ते म्हणाले.

ती तशीच जमिनीवर बसून राहिली. विसरले असते तर काही इलाज होता. थाप मारता आली असती, आईसारखा आवाज काढता आला असता, त्याहून वाईट काहीही करता आले असते. सगळे माहीत असलेल्या माणसापुढे यातले काहीच चालणार नव्हते.

तिचा फोन वाजला. पडद्यावर 'मफलर' असे आले. ऑफिसातल्या एसीत बारा महिने गळ्याला मफलर गुंडाळून बसणाऱ्या या सहकाऱ्याला आता त्याची आईसुद्धा त्याच नावाने हाक मारते, असे सगळे म्हणत.

"हे बघ, तुला या दिवसांत फोन करू नये हे मला कळतं," तो घाईघाईने म्हणाला. "शिव्या नंतर दे. वाटप बंद पडलंय."

वाटप म्हणजे रुग्णवाहिकांचे वाटप. फोन आला की जवळची कुठली गाडी कुणाकडे धाडायची ते ठरवणारा प्रोग्रॅम. तो तिने लिहिला होता.

"किती वेळ झाला?"

"आत्ताच. लाईट गेली, सगळे कंटेनर धाडकन बसले. परत उठले. आपली सर्व्हिस सोडून सगळं उठलं. फोनवरच्या मुली कागदावर गाड्या लिहून देतायत. एकीला रडू फुटलंय. आणि लॉग उघडून बघितला तर बाईसाहेब म्हणतात, 'आधीच चालू आहे, मी थांबते.' अगं, कोण चालू आहे? कुणीच नाही!"

तिने लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ओढला. गाडी संध्याकाळी याच घरी यायची होती, तीही याच वाटपातून, हे तिच्या मनात आले आणि तिने ते बाजूला ठेवले.

ते कुलूप तिनेच बसवले होते. कंटेनर म्हणजे प्रोग्रॅमसाठी बांधलेली एक बंद खोली. पडली की तश्शीच नवी खोली काही क्षणांत उभी राहते. पण खोली उभी राहताना आत दोघे जागे होत: एक सर्व्हिस सुरू करून देणारी स्क्रिप्ट, आणि एक पहारेकरी, जो सर्व्हिस बंद दिसली की चालू करतो. सुरुवातीच्या त्या घाईत स्क्रिप्ट सुरू करत असायची आणि पहारेकऱ्याला अजून काही दिसत नसायचे, म्हणून तोही सुरू करायचा. एकाच कामाला दोघे लागायचे. एकदा तसे झाले तेव्हा एका घराच्या दारात दोन गाड्या जाऊन उभ्या राहिल्या, आणि दुसऱ्या एका दारात कुणीच गेले नाही. त्यानंतर तिने नियम घातला. जो आधी येईल त्याने बाहेरच्या, खोली पडली तरी टिकणाऱ्या फळीवर एक फाइल ठेवायची, तीत खोलीत उठताना मिळालेला आपला नंबर लिहायचा. दुसऱ्याने फाइल दिसली की त्या नंबरला हाक मारायची. ओ आली की मागे व्हायचे. काम संपले की ज्याची फाइल त्यानेच काढायची.

"फाइल उडव नि मोकळी हो," मफलर म्हणाला.

"आधी आत कुणी नाही ना, ते बघ."

"कोण असणार आहे?"

"बघ म्हणते ना."

त्याच्या बोटांचा आवाज येत राहिला. बाबांनी खुर्चीत मान वळवली होती.

"फाइलीत नंबर सात आहे," मफलर म्हणाला. "म्हणजे जुनी सर्व्हिस सात नंबर होती. आता सातला हाक मारतो. अगं!" तो थांबला. "अगं, ओ देतोय सात!"

ती लॅपटॉपवर वाकली.

"सात कोण आहे ते बघ. नंबर नको. नाव बघ."

"सात... सात आपली सुरू करून देणारी स्क्रिप्टच आहे. नव्या खोलीत नंबर परत एकपासून सुरू झाले ना. मेलेल्याचा नंबर हिला मिळाला." मग त्याला हसू आले. "म्हणजे ही फाइल उघडते, सात नंबरला हाक मारते, स्वतःच ओ देते, आणि म्हणते, चालू आहे कुणीतरी, आपण थांबू या. बिचारी!"

"आता उडव फाइल."

"उडवली. चढली बघ. चढली! मुलींनी कागद फेकले."

ती हसली नाही. तिने आपला जुना नियम वरपासून खालपर्यंत वाचला. लावणारा कुलूप काढायला परत येईलच, असे तिने धरले होते. दुसऱ्या शक्यतेसाठी एक ओळही नव्हती.

"असंच राहू दे का आज?" मफलरने विचारले. "तू घरचं बघ. मी उद्या..."

"लाईट परत गेली तर? थांब. ऐक. फाइल ठेवून निघून जायचं, हेच चुकलंय. चालू आहेस तोवर कुलूप हातात धरून उभं राहायचं. तू गेलास की हात सुटेल, कुलूप आपोआप सुटेल. दुसरा कुणी आला तर तो धरायला जाईल, त्याला मिळणार नाही, तो मागे होईल."

"आणि ती फाइल?"

"राहू दे फळीवर. नुसत्या फाइलीला काही अर्थ नाही. कुणी धरलंय का, एवढंच बघायचं."

बदल थोडासाच होता. तिने तो लिहिला, आणि मफलरने वेगळ्या खोलीत दोघांना एकाच वेळी उठवून पाहिले. एकाने धरले, दुसरा मागे झाला.

"आता पहिल्याला मार. एकदम. निरोप न देता."

"मारला."

"फाइल आहे?"

"आहे तशीच." तो क्षणभर थांबला. "दुसऱ्यानं धरलं. चालू झाला. वा! जेवलीस का गं तू?"

"सगळे हेच विचारतायत," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

टेबलावर डोके टेकवावे असे तिला वाटले, पण बाबा बघत होते. त्यांचा चेहरा सकाळपेक्षा ओढलेला दिसत होता, आणि नजर मात्र बऱ्याच दिवसांनी एका जागी ठरलेली.

"काय बंद पडलं होतं?"

"एक काम. दोघांनी एकदम करू नये म्हणून कुलूप ठेवलं होतं त्याला."

"कुणी लावलेलं?"

"प्रोग्रॅमनं."

"तो कुठाय?"

"गेला. लाईट गेली तेव्हा."

"आणि कुलूप?"

"राहिलं."

बाबांनी ग्लास हातात फिरवला.

"काढलं कुणी?"

"मीच काढायला लावलं. तो प्रोग्रॅम माझा आहे, बाबा."

"आत बघितलंस?"

"बघितलं."

"हाक मारून?"

"हो. ओ आली, पण दुसऱ्याचीच. गेलेल्याचा नंबर नव्याला मिळाला होता."

"आमच्याकडे गेलेल्या माणसाचा बिल्ला वर्षभर कुणाला देत नसत."

"शहाणी होती तुमची गिरणी."

"गिरणी कसली शहाणी? बिल्ले ठोकणारा आळशी होता," बाबा म्हणाले, आणि दोघेही किंचित हसले. आई गेल्यापासून पहिल्यांदाच. हसणे ओसरल्यावर खोली आणखी रिकामी वाटली.

खाली कुणीतरी गाडी सुरू करण्याचा प्रयत्न करत होते. सुरू होत नव्हती. बाबा तो आवाज ऐकत राहिले.

"आमच्याकडेही राहिलं होतं एकदा," ते म्हणाले. "कुलूप."

तिने खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"तेल घालणारा होता एक. जेवायच्या सुट्टीत घरी गेला, घरीच गेला. कुलूप मेन स्विचवर. किल्ली त्याच्या खिशात, आणि खिसा त्याच्याबरोबर गेला. मशीन उभं. मालक ओरडतोय. फोरमन कटर घेऊन आला. मी आडवा झालो."

"तो मेलाय हे माहीत होतं ना सगळ्यांना?"

"होतं की. माझ्यासमोर नेला त्याला." त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "तरी आत बघायचं असतं. आम्ही बघितलं. प्रत्येक रोलरच्या मागे जाऊन हाक मारली. फोरमन हसला. म्हणाला, मेलेल्याला काय हाका मारता? पण माहीत असलं तरी मारायची असते."

"मग फोरमननं तोडलं?"

"छे. त्याच्या मुलीला बोलावलं. त्याचंच माणूस पाहिजे. नाहीतर कोण काढणार?" त्यांनी ग्लास मांडीवर टेकवला. "लग्न झालेली मुलगी, तुझ्याएवढी असेल. कटर जड होता. तिला दाबवेना. मग ती खाली बसली, गुडघ्यांत धरून दाबला. आम्ही सगळे हात मागे घेऊन उभे. मदत करायची नसते."

त्यांनी ग्लासातले उरलेले पाणी पिऊन टाकले. ग्लास दोन्ही हातांनी खाली ठेवला. मग ते स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत बसले. दारातून खिडकी दिसत होती, आणि खिडकीतला पेला.

त्यांना आणखी काही सांगायचे असेल म्हणून ती थांबली. मग तिने लॅपटॉप मिटला आणि उठली.

"कुठं निघालीस?"

"आत बघून येते."

बाबांनी मान हलवली, आणि ती हलल्याचे त्यांना स्वतःलाच उशिरा कळावे तसे ते खुर्चीत सावरून बसले.

ती आधी झोपायच्या खोलीत गेली. आईच्या बाजूची उशी बाबांनी भिंतीकडे सरकवून ठेवली होती. खिडकीशी आईचा चष्मा होता, काड्या उघड्या. कपाटाचे दार नेहमीप्रमाणे नीट लागलेले नव्हते. तिने ते उघडून आत पाहिले आणि होते तसे अर्धवट ठेवले. दारामागे खुंटीला आईचा घरातला स्वेटर होता. त्याच्या खिशात काय असेल हे तिला माहीत होते: रुमाल, रबरबँड, लवंग. तिने खिशात हात घातला नाही. गॅलरीत दोरीवर चिमटे होते, एकाला आईने धागा बांधून ठेवलेला. बाथरूममध्ये दोन टूथब्रश. तिने दिवा लावून पाहिले, दिवा मालवला. काही राहिले नव्हते. तरी ती परत एकदा झोपायच्या खोलीत गेली आणि पलंगाखाली वाकून पाहिले, जणू आई तिथे चप्पल शोधत असेल.

"नाहीये," बाहेर येऊन ती म्हणाली.

"सगळीकडे बघितलंस?"

"हो."

"हाक मारलीस?"

ती बोळात उभी राहिली. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या त्या चिंचोळ्या जागेत, जिथे शाळेतून आल्यावर दप्तर टाकून ती पहिली हाक मारायची. तिने भिंतीला हात लावला.

"आई," ती म्हणाली. कुणी शेजारी बसलेले असावे एवढ्याच आवाजात.

"अशी ऐकू जाते का?" बाबा म्हणाले. "मशीनमध्ये माणूस असतो तेव्हा?"

"आई!"

हाक स्वयंपाकघरात गेली, गॅलरीत गेली. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढली. बाबांनी हनुवटी उचललेली होती, आणि एक कान घराच्या आतल्या बाजूला केलेला होता. ते खरेच ऐकत होते. तीही ऐकत होती. नळातून थेंब पडला. मग दुसरा.

"परत," बाबा म्हणाले.

"आई, ए आई!"

या वेळी ते जास्त थांबले. मग खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठले. ती त्यांना आधार द्यायला पुढे झाली, पण त्यांनी नको म्हणून बोट हलवले आणि भिंतीला धरत धरत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले. उंबऱ्याच्या अलीकडे थांबले. पाय जुळवले. दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकात एक अडकवले.

ती ओट्यापाशी गेली. उन्हाने पेला कोमट झाला होता. तिने तो उचलला. कठड्यावरचा गोल तसाच होता, धूळ नसलेला. पेला सरळ करून तिने गोलाच्या बाजूला ठेवला आणि फ्रीज उघडला.

बाबा तोवर आत येऊन स्टुलावर बसले होते आणि त्यांनी आपला सदरा वर धरला होता.

"हात गार आहेत तुझे."

"बाटली गार आहे."

"चोळून घ्यायचे आधी. तिला सांगावं लागायचं नाही." सुई आत गेली तेव्हा त्यांनी नेहमीसारखे डोळे मिटले. "झालं?"

"झालं."

सदरा खाली करताना त्यांना एक बटण सापडेना. तिने ते लावून दिले. मग डॉक्टरांना फोन केला, डोस गेल्याचे सांगितले, ते काय काय बजावत होते त्याला हो हो म्हणत राहिली. पुन्हा बोट टोचायची वेळ ठरली. गाडी लागणार नव्हती. फोन ठेवून ती सिंकपाशी गेली आणि नळ सोडून मनगटांवर पाणी घेत उभी राहिली. किती वेळ, तिला कळले नाही.

"अगं, पेला," मागून बाबा म्हणाले.

"काय?"

"पालथा ठेव. नाहीतर मी विसरून परत घेईन."

तिने नळ बंद केला. हात पदर नसलेल्या कपड्यांनाच पुसले. पेला उचलून तिने तो खिडकीपाशी नेला, आणि तिथे तिचा हात थोडा थांबला.

मग तिने पेला पालथा ठेवला. त्या गोलावर नाही; शेजारी, धुळीत.